चाळीस हजार पौंडांची राखण

१० एप्रिल २००७, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण माझी नेमणूक झाली. सोलेम शेतकरी सहकारी सोसायटीचा सुरक्षा अधिकारी. वय एकसष्ट, त्यातली तीस वर्षं प्रोपेनच्या ट्रकवर. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाच्या खांद्यावर नळीखेरीज डोकंही आहे.

झालं असं. वॉशिंग्टनने नियम काढलाय. ज्याच्याकडे साडेसात हजार पौंडांहून जास्त प्रोपेन साठवलेला असेल त्याने सरकारला कळवायचं. कुंपण काय, कुलूप काय, कोण आलं, कोण गेलं, सगळं दाखवायचं. गॅस अतिरेक्यांच्या हाती पडू नये म्हणून. आमची मोठी टाकी भरली की चाळीस हजार पौंड. म्हणजे आम्ही नियमात पाचपटीने बसतो. मॅनेजर कर्टिस (याला ट्रक चालवायला मीच शिकवलं) सकाळी म्हणाला की कुणीतरी ऑफिसात बसून हे बघायला हवं. बोलताना सारखा खिडकीबाहेर बघत होता. एवढी जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची म्हणजे माणूस अवघडणारच.

"सगळ्या टाक्या पाठ असलेला माणूस हवा," तो म्हणाला. "ट्रक तेवढा रेनेकडे देऊ. सध्या."

रेने स्टेनबर्ग म्हणजे शाळेची बस चालवायची ती. मुलं आणि प्रोपेन यांत फरक आहे, पण शिकेल.

खांद्याचा यात काही संबंध नाही. फेब्रुवारीत बर्फातून नळी ओढताना उजव्या खांद्यात कट्‌ झालं होतं, ते आता जवळजवळ बरं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात स्नायू फाटलाय, ऑपरेशन करा नाहीतर आराम करा. मी दोन्ही केलं नाही, आणि तरी हात छातीपर्यंत व्यवस्थित जातो. बाईंनी व्यायामाला रबरी पट्टा दिलाय. उद्यापासून.

आर्डिसला बढती सांगितली. "बरं झालं," म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. सदतीस वर्षांच्या संसारात बायको नवऱ्याला घरातलाच समजायला लागते.

१२ एप्रिल, गुरुवार

टेबल मिळालं. ऑफिसातली कारकून फिलिस, तिच्या मागे, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. खुर्ची चाकांची.

पहिली पाहणी केली. परिस्थिती गंभीर. फाटक नाही. कुंपण आहे, पण ते शेजारच्या हॉगनच्या गाईंसाठी घातलेलं. मोठ्या टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली वजनकाट्याच्या खिडकीखाली खिळ्याला टांगलेली. चाळीस वर्षं तिथेच. गावातल्या कुणालाही विचारा, खिळा सांगेल. सुगीत कुणाला अचानक गॅस लागला तर ड्रायव्हर शोधत बसायला नको म्हणून ही सोय. अशा सोयीचा फायदा शत्रूलाही होतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गावची एकूण सवयच वाईट. गाडीला किल्ली लावून ठेवतात. दारं सताड उघडी. घरी येऊन आर्डिसला विचारलं, आपल्या दाराला कुलूप आहे का? ती म्हणाली आहे ना, किल्ली मात्र आधीच्या मालकाकडे राहिली असेल. आधीचा मालक वारून वीस वर्षं झाली.

नोंदवही सुरू केली. संशयित व्यक्ती: शून्य. संशयित वाहन: एक. निळं, अनोळखी, टाकीजवळून दोनदा हळू गेलं. चौकशीअंती पास्टरांचं निघालं. नवीन घेतलंय, लोकांनी बघावं म्हणून हळू चालवत होते.

रबरी पट्टा: गाडीत राहिला.

४ मे, शुक्रवार

नाजूक प्रसंग.

नियमावर लोकांनी आपलं म्हणणं पाठवायचंय, मुदत संपत आलीय. कॅफेत नॉर्बर्ट वेसल्सने मला गाठलं. नॉर्बर्टच्या टर्कीच्या चार शेड आणि मक्याचा ड्रायर, मिळून हजार गॅलनच्या आठ टाक्या. तोही नियमात येतो. त्याचं म्हणणं असं की मी टर्की पाळू की पहारेकरी? साडेसात हजार पौंड म्हणजे दोनतीन टाक्या. मिनेसोटात ज्याच्या घरी हिवाळा येतो तो प्रत्येक शेतकरी आता धोकादायक झाला. मर्यादा वाढवा असं पत्र लिहायचं, आणि ते मीच लिहायचं, कारण अधिकारी मीच.

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे यावर फासे टाकतात, ते नॉर्बर्ट हरला होता, म्हणजे कॉफीही त्याचीच होती. हो म्हणालो.

पत्र लिहिलं. उत्तम झालं, हीच अडचण. मर्यादा खरंच वाढली तर आमची टाकी नियमातून बाहेर, आणि टाकीबरोबर मी. म्हणून लगेच दुसरं पत्र लिहिलं, खाजगी. त्यात म्हटलं की मी तीस वर्षं या धंद्यात आहे, लोक फार निष्काळजी आहेत, मर्यादा उलट कमी करा. पाच हजार करा.

दोन्ही पत्रं टाइप करून टाकायला आर्डिसकडे दिली. यात दुटप्पीपणा नाही. पहिल्यात मी लोकांचा प्रतिनिधी, दुसऱ्यात तज्ज्ञ.

५ मे, शनिवार

आर्डिसने दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घातली. पत्ता एकच होता, म्हणाली, दोन तिकिटं कशाला.

१८ जून, सोमवार

सुरक्षा आराखडा पूर्ण. चोवीस पानं. संगणकात पासवर्ड लावून ठेवला, असा कडक की कुणालाही उघडता येणार नाही.

खांदा थोडा दुखतो. संगणकाच्या माऊसमुळे असावा. तीस वर्षं नळी ओढून काही झालं नाही आणि माऊसने व्हावं, हेच आश्चर्य. उद्यापासून डाव्या हाताने.

१९ जून, मंगळवार

आराखडा उघडत नाही. फिलिसने तीन तास प्रयत्न केला. म्हणाली, निदान अतिरेक्यांना तरी मिळणार नाही.

२२ ऑगस्ट, बुधवार

संशयित व्यक्ती: शून्य. संशयित वाहन: शून्य.

उन्हाळ्यात प्रोपेन कुणाला लागत नाही. ट्रकवर होतो तेव्हा या दिवसांत टाक्या रंगवायचो, गळती तपासायचो, प्रत्येक घरी थोडा टेकायचो. आता खुर्चीत बसतो. खुर्ची फिरवली की टाकी दिसते, पुन्हा फिरवली की झेरॉक्स. बसूनही माणूस इतका थकतो हे ठाऊक नव्हतं. चार वाजता घरी येतो तो अंगात काही उरलेलं नसतं. आर्डिस म्हणते चेहरा सुधारलाय, झोपेत कण्हत नाहीस. मी झोपेत कण्हत होतो हे तिने आजवर सांगितलं नव्हतं.

रेने रूटवर रुळली. लोक तिला कणसं देतात. मला कणसं मिळायला सात वर्षं लागली होती.

कुलपं आली. तीन. मोठ्या टाकीच्या व्हॉल्व्हला एक, पंपाला एक, नवीन फाटकाला एक. किल्ल्या एकाच माणसाकडे राहतील. खिळा मी स्वतः उपटला. डाव्या हाताने.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं त्यात माझी चूक नाही. तरीही लिहून ठेवतो.

यंदा मका ओला आलाय. दोन आठवडे पाऊस लागून राहिला. सगळ्यांचे ड्रायर रात्रंदिवस चालू आणि गॅस पाण्यासारखा जातोय. ड्रायर थांबला की भरलेला ओला मका आतल्या आत तापतो, खराब होतो. हे मला कुणी शिकवायला नको.

सकाळी गॅस संपून नॉर्बर्टचा ड्रायर थांबला. त्याने रेनेला फोन केला. रेने सोसायटीत गेली तर तीन कुलपं. खिळाच नाही. मी चर्चमध्ये, गायकवृंदात, वरच्या रांगेत. पास्टर प्रवचनाच्या मध्यावर. तेवढ्यात चिखलाच्या बुटांनी रेने मधल्या वाटेने थेट वर आली. सगळं चर्च बघतंय. पास्टर थांबले.

"किल्ल्या," ती म्हणाली.

आता किल्ल्या देण्याची एक पद्धत मी ठरवली आहे. फॉर्म आहे. कोणाला, कशासाठी, किती वाजता, सही. फॉर्म कोटाच्या खिशातच होता, पेन नव्हता. मी शेजारच्याकडे पेन मागितला. रेने म्हणाली, "व्हर्लिन, तुम्ही तीस वर्षं माझ्या आईच्या घरात दार न वाजवता शिरून हीटर पेटवून दिलात. माझी सही तुम्हाला कशाला हवी?"

पास्टर वरून म्हणाले की देऊन टाका, व्हर्लिन, परमेश्वर साक्षीला आहे.

दिल्या. फॉर्मवर सही राहिली. साक्षीदाराच्या रकान्यात काय लिहावं हा प्रश्न आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

नॉर्बर्टचा एक कोठार मका करपट वासाचा झाला. टर्की खातील म्हणतो. त्याने तक्रार केली नाही. आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही. तो फक्त ऑफिसात आला, खुर्चीत बसला, पावसाबद्दल वीस मिनिटं बोलला आणि गेला. जाताना म्हणाला, "खिळा बरा होता."

दुपारी जेवून आलो तर नवीन खिळा, त्याला किल्ल्या. कर्टिसने ठोकला असावा. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आराखड्यात दुरुस्ती करायला हवी, पण आराखडा उघडत नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

रेडिओवर बातमी. वॉशिंग्टनने मर्यादा वाढवली. प्रोपेनची साडेसात हजारांवरून साठ हजार पौंड. शेतकरी, घरं, छोटे व्यापारी सुटले.

म्हणजे त्यांनी पाकिटातलं वरचं पत्र वाचलं.

आमची टाकी चाळीस हजार. साठातून चाळीस गेले, वीस कमी पडले.

१० नोव्हेंबर, शनिवार

चर्चच्या तळघरात वार्षिक मासळीचं जेवण. मी आत शिरलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्बर्टने उठून सांगितलं की व्हर्लिनच्या पत्राने वॉशिंग्टन हललं. देशभरातून हजारो पत्रं गेली असतील, पण सोलेममध्ये फक्त माझं गेलं हे खरं आहे. एक म्हातारी येऊन म्हणाली, आता माझी टाकी धोकादायक नाही ना? म्हटलं, नाही. तिने माझ्या हातावर थोपटलं. उजव्या. मी हसत राहिलो.

इतका मान आयुष्यात मिळाला नाही. आणि मला सारखं वाटत होतं की हे सगळे माझ्या निरोप समारंभाला जमलेत आणि मासा मात्र मलाच खायला लावतायत.

१२ नोव्हेंबर, सोमवार

उपाय सापडला. कर्टिसकडे प्रस्ताव घेऊन गेलो. आणखी एक टाकी घ्यायची, तेवढीच मोठी. चाळीस आणि चाळीस ऐंशी. साठच्या वर. आपण पुन्हा धोकादायक होऊ, नियम पुन्हा लागू.

कर्टिस बराच वेळ टेबलावरचा कॅलेंडरचा कागद सरळ करत होता. मग म्हणाला, "टाकी कशाला? खुर्ची आहे, बसा. फोन घ्या, रूट लावा, नव्यांना शिकवा. काम आहे हो ऑफिसात."

मी विचारलं, कुठल्या नियमाखाली?

"नियम कशाला लागतो?"

ही नवी पिढी. नियमाशिवाय माणूस खुर्चीत बसला तर त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी धारा काढताना गेले. मी म्हटलं की पद संपलं, आता मी ट्रकवर परत. तो म्हणाला खांदा? मी म्हटलं कुठला खांदा? आणि दाखवायला हात वर केला. कपाळापर्यंत गेला. मग केस सारखे करायचे होते असं दाखवून खाली घेतला.

तीन डिसेंबरपासून रूट माझा. रेनेला तोवर दुसरं काही बघू, म्हणाला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

मुलं यंदा आली नाहीत, त्यांच्याकडे बर्फ. आम्ही दोघंच. टर्की नॉर्बर्टने दिलेली, आठ किलोची, दोघांना.

जेवताना मी सहज म्हणालो की सरकारने नियम असा काढून असा मागे घ्यायला नको होता, माणसं त्यावर आयुष्याची आखणी करतात. आर्डिसने काटा खाली ठेवला.

"एप्रिलमध्ये कर्टिसला मी फोन केला होता," ती म्हणाली.

कशाबद्दल, मी विचारलं.

"तुझ्याबद्दल. तुला रात्री उशी धरून बसलेला बघवत नव्हतं मला. तो म्हणाला मी सांगून बघतो, पण ते ऐकायचे नाहीत. मग तो नियम आला. मी म्हटलं, माझं ऐकत नाही, तुझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. सरकारचं ऐकेल बहुतेक."

मी म्हणालो की नियमानुसार अधिकारी नेमणं गरजेचंच होतं, टाकी पाचपट होती.

"सरकारचा फॉर्म फिलिसने भरला, व्हर्लिन. एका दुपारी."

मग ती गोड आणायला उठली. भोपळ्याची पाई. मी दोन तुकडे खाल्ले. चव कळली नाही.

नंतर विचार केला. तिची तारखांमध्ये गल्लत होत असावी. फोन आधी झाला असेल, पण निवड गुणांवरच झाली असणार. फिलिसने फॉर्म भरला असेल, पण माहिती कुणाची? तरीही, बायकोने मॅनेजरला फोन करून नवऱ्यासाठी खुर्ची मागावी आणि सगळ्या ऑफिसाला ते ठाऊक असावं. आठ महिने मी त्यांच्यासमोर अधिकारी म्हणून मिरवलो, किल्ल्या खुळखुळवल्या. कानशिलं तापली आहेत. तीन तारखेला दाखवतो सगळ्यांना.

रबरी पट्टा शोधला. आर्डिसने त्याने टोमॅटोची रोपं बांधली होती.

३ डिसेंबर, सोमवार

परत ट्रकवर. उणे चौदा. सहा घरं.

उत्तम गेलं. नळीचं वजन वाढलंय, नवीन जातीचं रबर असावं. शंभर फुटांची नळी बर्फातून ओढायची एक युक्ती काढली: डाव्या खांद्यावर घ्यायची आणि पाठमोरं चालायचं. वेळ थोडा जास्त लागतो. एका घरी चाळीस मिनिटं लागली. बाई खिडकीतून बघत होती, मग कॉफी घेऊन बाहेर आली आणि रेनेची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

कोट काढायला आर्डिसने मदत केली. मी मागितली नव्हती.

५ डिसेंबर, बुधवार

नॉर्बर्टकडे गेलो होतो. टर्कीच्या शेडची टाकी.

लिहावं की नाही याचा विचार करतोय. कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहितो.

टाकी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची असते. पूर्ण भरली तर गॅस फुगायला जागा राहत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात, कर्टिसला मीच शिकवलं. ऐंशीला छोट्या भोकातून पांढरा फवारा येतो, की लगेच दांडा ओढून बंद करायचं. एका सेकंदाचं काम. फवारा आला. मी उजवा हात दांड्याकडे नेला आणि तो कोपराच्या उंचीपर्यंत जाऊन थांबला. मी त्याला सांगतोय चल, आणि तो येत नाहीये. दुसऱ्याचाच हात असावा तसा. डाव्याने नळी धरलेली, ती सोडवेना. काटा ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. पांढरी वाफ माझ्या तोंडावर, गॅसचा वास, आणि आठ फुटांवर शेडचा हीटर पेटलेला. आत चार हजार टर्की.

नॉर्बर्ट कुठून आला कळलं नाही. त्याने दांडा ओढला. वाफ थांबली.

मी टाकीच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसलो. मला भीती वाटली. तीस वर्षांत पहिल्यांदा मला या गॅसची भीती वाटली. खरं म्हणजे गॅसची नाही, माझीच.

नॉर्बर्ट शेजारी बसला.

"वारा आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हणालो.

"उद्या पडेल म्हणतात."

मग तो उठला, जादा भरलेला गॅस हळूहळू सोडला आणि नळी गुंडाळून ट्रकवर चढवली. ग्राहकाने नळीला हात लावायचा नसतो, तसा नियम आहे. मी बसून बघत राहिलो. निघताना त्याने माझ्या बाजूचं दार उघडून धरलं आणि मी आत बसल्यावर लावलं.

७ डिसेंबर, शुक्रवार

काल गेलो नाही. सर्दी झाली असं कळवलं. सर्दी नव्हती.

आज सकाळी भाषण तयार करून गेलो. तीन मुद्दे होते. नवीन चालकांना अनुभवी माणसाचं मार्गदर्शन हवं, रूटची फेरआखणी व्हायला हवी, आणि तिसरा आता आठवत नाही. कर्टिसच्या दारात उभा राहिलो आणि तोंडातून भलतंच निघालं.

"कर्टिस, मला होत नाही."

त्याने पेन खाली ठेवला. काय होत नाही, असं विचारलं. त्याला माहीत होतं, पण त्याने विचारलं, आणि ते बरं केलं. नाहीतर मी पुढे बोललो नसतो.

"हात वर जात नाही. एप्रिलपासून जात नाही."

"फेब्रुवारीपासून," फिलिस माझ्या मागून म्हणाली आणि झेरॉक्स काढत राहिली.

परवाचंही सांगितलं. वाफ, दांडा, हीटर, सगळं. नॉर्बर्टने एक शब्द सांगितला नव्हता. कर्टिसचा चेहरा उतरला. तो उठून खिडकीपाशी गेला, परत आला. मला रागवेल असं वाटलं. त्याने रागवायलाच हवं होतं. तो म्हणाला, "चूक माझी. तीन तारखेला ट्रकची किल्ली द्यायलाच नको होती. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

मग त्याने रेनेला हाक मारली. ती शेजारच्या खोलीतून आली, कोट घालून, टोपी घालून, हातमोजे हातात. सोमवारपासून रोज सकाळी ती तशीच तिथे येऊन बसत होती म्हणे. कर्टिसने तिला तेवढंच काम दिलं होतं. मी मदतीला फोन केला की तिने निघायचं. आणि मी आठवडाभर समजत होतो की निदान ट्रकच्या बाबतीत तरी या लोकांचा माझ्यावर भरवसा आहे.

तिला किल्ली दिली. उजव्या हाताने द्यायला गेलो, जमलं नाही, डाव्याने दिली. कुठली घरं राहिलीत ते सांगितलं. हॉगनच्या मागच्या टाकीचं झाकण गोठतं, गरम पाणी घेऊन जा. तिने लिहून घेतलं. खरं तर तिला माहीत असणार, एक उन्हाळा आणि एक सुगी तिने काढली होती. तरी लिहून घेतलं.

दुपारभर फोन घेतले. अकरा. सगळ्यांना गॅसच हवा होता. कुणी मला हुद्दा विचारला नाही.

डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. नऊ जानेवारी. ऑपरेशननंतर सहा आठवडे हात गळ्यात म्हणतात, तरी पूर्वीसारखा होईलच असं नाही. ट्रक संपला, हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही, मीच त्यांना सांगितलं.

घरी आलो. आर्डिसला काही सांगावं लागलं नाही, गाडी चार वाजता आली म्हणजे काय ते तिला कळलं. जेवायला डुकराच्या मांसाचा जाड तुकडा आणि बटाटे. मी सुरी उचलली. तिने माझी थाळी आपल्याकडे ओढली, मांसाचे लहान लहान तुकडे केले आणि थाळी परत सरकवली. आम्हा दोघांचं वय झालं असं मला वाटलं. मला येतं, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही. गरम होतं तोवर जेवलो.